दोन दूरच्या शहरांमधील हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

‘ते शहर विमानाने किती लांब आहे?’ असे विचारले की उत्तर कधी किलोमीटरमध्ये मिळते, कधी तासांमध्ये, तर कधी ‘रात्री निघालात तर दुसऱ्या दिवशी दुपारी पोचाल’ अशा शब्दांत. ही तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिला प्रश्न पृथ्वीच्या भूमितीचा, दुसरा विमानाच्या वेगाचा आणि वाऱ्याचा, तर तिसरा घड्याळाचा आणि कॅलेंडरचा आहे. लांबच्या प्रवासाची आखणी प्रथमच करणाऱ्या व्यक्तीचा जो गोंधळ होतो, तो बहुतेक वेळा हे तीन हिशेब एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. म्हणून या लेखात ते त्याच क्रमाने, एकामागून एक घेतले आहेत. एक हिशेब पूर्ण झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नये, हा माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे.

सुरुवात कुठून आणि शेवट कुठे

अंतर मोजण्यापूर्वी ते नेमक्या कोणत्या दोन बिंदूंमधले हवे आहे, हे ठरवावे. नकाशावरचे ‘शहर’ म्हणजे सहसा त्या शहराचा मध्यभाग असतो; विमान मात्र धावपट्टीवरून निघून धावपट्टीवर उतरते. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे, तर हानेदा विमानतळ शहराला अगदी लागून आहे. लंडनच्या नावाखाली हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्यूटन आणि सिटी असे अनेक विमानतळ येतात. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरांचा एक संकेत असतो. हीथ्रोचा एलएचआर, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा जेएफके, नारिताचा एनआरटी. त्याखेरीज एलओएन, एनवायसी, टीवायओ असे पूर्ण शहराचे संकेतही आहेत, आणि शोधताना त्यांपैकी एखादा टाकला तर त्या शहराच्या सगळ्या विमानतळांची उड्डाणे एकत्र दिसतात. कागदावर आधी दोन्ही विमानतळांचे संकेत लिहून घ्यावेत. हजारो किलोमीटरच्या अंतरात ५०–६० किलोमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो, पण विमानतळ ते मुक्काम या टप्प्यात तोच फरक तासा-दीड तासाचा होतो.

सपाट नकाशावर पट्टी ठेवू नये

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर दोन शहरे सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा बहुतेक वेळा सर्वांत जवळचा मार्ग नसते. आपल्या डोळ्यांना सवयीचा झालेला नकाशा बराचसा मर्केटर प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या एका पद्धतीवर, आधारलेला आहे. गेरार्डस मर्केटर यांनी १५६९ साली तो दर्यावर्दींसाठी तयार केला. होकायंत्राची एकच दिशा धरून चाललेले जहाज त्या नकाशावर सरळ रेषेत दिसावे, हा त्यामागचा हेतू होता आणि तो पूर्णपणे साधला. मात्र त्यासाठी विषुववृत्तापासून दूर जाऊ तसे अंतर ताणावे लागले. ६० अंश अक्षांशावर हा ताण दुप्पट होतो. त्यामुळेच ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट मोठी आहे.

गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. ज्या वर्तुळाचा केंद्रबिंदू आणि पृथ्वीचा केंद्रबिंदू एकच असतो, ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे. इतर अक्षवृत्ते मात्र नाहीत, आणि नेमक्या याच ठिकाणी अंदाज चुकतो. सिडनी आणि चिलीची राजधानी सँटियागो यांचे उदाहरण पाहा. दोन्ही शहरे दक्षिण गोलार्धात ३३–३४ अंश अक्षांशावर आहेत, त्यामुळे एकातून निघून सरळ पूर्वेकडे जात राहिले की दुसरे येणार, असे नकाशा सुचवतो. त्या अक्षवृत्ताला धरून गेल्यास अंतर सुमारे १२,८०० किलोमीटर भरते. बृहद्वृत्तावरून तेच अंतर सुमारे ११,३५० किलोमीटर आहे, म्हणजे जवळपास दीड हजार किलोमीटर कमी. हा जवळचा मार्ग दक्षिणेकडे खोल वळून अंटार्क्टिकाच्या दिशेने जातो. नकाशावर तो मोठा वळसा वाटतो, पण पृथ्वीगोलावर एका शहरापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणून धरला तर दोरा आपोआप त्याच मार्गावर बसतो. घरात किंवा वाचनालयात पृथ्वीगोल उपलब्ध असेल, तर हा प्रयोग प्रत्येक नवशिक्याने एकदा स्वतःच्या हाताने करावा. त्यानंतर विमानातल्या पडद्यावर दिसणारा वाकडा मार्ग कधीच विचित्र वाटत नाही.

अंतराचा हिशेब

हा हिशेब करून देणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत आणि घाईत त्यांचा वापर करण्यात काही गैर नाही. तरीही एकदा तो स्वतः करून पाहिला, तर पुढे कोणता आकडा विश्वासार्ह आणि कोणता संशयास्पद, हे लगेच ओळखता येते. त्यासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश दशांश अपूर्णांकात लागतात. हीथ्रोचे ५१.४७ उत्तर व ०.४५ पश्चिम, आणि केनेडी विमानतळाचे ४०.६४ उत्तर व ७३.७८ पश्चिम आहेत. उत्तर आणि पूर्व धन, तर दक्षिण आणि पश्चिम ऋण मानावेत.

हॅवरसाइन नावाचे सूत्र या कामासाठी सर्वाधिक वापरले जाते. प्रथम दोन्ही अक्षांशांच्या फरकाचा निम्मा भाग घ्यावा. येथे तो ५.४१५ अंश आहे. त्याच्या साइनचा वर्ग ०.००८९ येतो. मग रेखांशांच्या फरकाचा निम्मा भाग, म्हणजे ३६.६६५ अंश, याच्या साइनचा वर्ग काढावा, तो ०.३५६६ येतो. या दुसऱ्या संख्येला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणावे, म्हणजे ०.१६८६ मिळतात. दोन्हींची बेरीज ०.१७७५. तिचे वर्गमूळ ०.४२१३, आणि ज्या कोनाचा साइन इतका आहे तो कोन २४.९१७ अंशांचा. त्याची दुप्पट केली की ४९.८३ अंश होतात. हा पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन विमानतळांमध्ये होणारा कोन आहे. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, तर बृहद्वृत्ताचा एक अंश सुमारे १११.२ किलोमीटरचा असतो. गुणाकार केल्यावर अंतर येते ५,५४० किलोमीटर.

संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र बसवताना एक काळजी अवश्य घ्यावी. तेथील साइन आणि कोसाइन अंश समजत नाहीत, त्यांना रेडियन हे कोन मोजण्याचे दुसरे एकक लागते. प्रत्येक कोन आधी रेडियनमध्ये बदलला नाही तर उत्तर पूर्णपणे निरर्थक येते. दुसरी शंका १८० अंश रेखांश ओलांडणाऱ्या मार्गांविषयी येते. टोकियो १४० अंश पूर्वेच्या आसपास आणि लॉस एंजेलिस ११८ अंश पश्चिमेच्या आसपास असल्यामुळे त्यांच्या रेखांशांतील फरक २५८ अंश येतो आणि आकडा चुकला असे वाटते. सूत्रात साइनचा वर्ग असल्यामुळे ते स्वतःच पृथ्वीची जवळची बाजू निवडते, तेव्हा तेथे काहीही दुरुस्ती करावी लागत नाही.

आता एखाद्या अचूक गणकयंत्रावर हेच अंतर पाहिले, तर ते ५,५५५ किलोमीटरच्या आसपास दिसेल. ही १५ किलोमीटरची तफावत चुकीमुळे आलेली नाही. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवांशी ६,३५७ किलोमीटर आहे. ही चपटी पृथ्वी लक्षात घेणारी सूत्रे अधिक अचूक आकडा देतात, तर गोल पृथ्वीचे सूत्र जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकते. प्रवासाच्या नियोजनासाठी हा फरक सोडून द्यावा. दोन संकेतस्थळांवर दोन आकडे दिसले आणि त्यांच्यातील फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असला, तर दोन्ही बरोबर आहेत असे समजून पुढे जावे.

एककांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. विमान वाहतुकीत अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. रोजच्या व्यवहारातला मैल १,६०९ मीटरचा. त्यामुळे हीथ्रो ते केनेडी हे एकच अंतर ३,००० सागरी मैल, ३,४५० मैल आणि ५,५५५ किलोमीटर अशा तिन्ही रूपांत छापलेले आढळते. नुसते ‘मैल’ असे लिहिलेले दिसले की कोणता मैल अभिप्रेत आहे, हे आधी तपासावे. पृथ्वीवर कोणतीही दोन ठिकाणे सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा अधिक दूर असू शकत नाहीत, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याहून मोठा आकडा आला तर कोठेतरी एकक किंवा चिन्ह चुकले आहे किंवा थांब्यांचे अंतर त्यात मिळवलेले आहे.

प्रत्यक्ष मार्ग त्याहून लांब असतो

बृहद्वृत्तावरचे अंतर ही खालची मर्यादा आहे. विमान त्याहून कमी अंतरात जाऊ शकत नाही, जास्त मात्र जवळजवळ नेहमीच जाते. उड्डाणानंतर धावपट्टीच्या दिशेतून मार्गाला लागणे, उतरण्यापूर्वी रांगेत येणे, आखून दिलेल्या हवाई मार्गांना धरून जाणे आणि वादळे टाळणे यांमुळे साधारणपणे काही टक्क्यांची भर पडते. मी हिशेबासाठी सरसकट पाच टक्के धरतो, आणि बहुतेक मार्गांसाठी तेवढे पुरते.

काही मार्गांसाठी ते अजिबात पुरत नाही. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर असून बृहद्वृत्त रशियावरून जाते. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाची हवाई हद्द अनेक युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाली, आणि पूर्वी नऊ-साडेनऊ तासांत होणारा हा प्रवास सुमारे १३ तासांवर गेला. काही उड्डाणे तर उत्तर ध्रुवाच्या बाजूने वळसा घेऊन जाऊ लागली. शहरे होती तिथेच राहिली, गणिती अंतर तसूभरही बदलले नाही, पण वेळ जवळपास दीडपट झाला. तेव्हा बृहद्वृत्त कोणकोणत्या देशांवरून जाते हे नकाशावर पाहून घ्यावे, आणि त्यांपैकी एखाद्या देशाची हवाई हद्द बंद किंवा धोकादायक असेल तर जुना वेळ गृहीत धरू नये. शिवाय ही बंदी सर्व कंपन्यांना सारखी लागू असतेच असे नाही. एकाच मार्गावर एका कंपनीचे विमान दुसऱ्या कंपनीच्या विमानापेक्षा दोन-तीन तास आधी पोचत असेल, तर त्याचे कारण अनेकदा येथे सापडते.

महासागरावरून जाणाऱ्या मार्गांना आणखी एक बंधन असते. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले तरी उरलेल्या इंजिनावर ठरावीक मिनिटांत त्याला एखाद्या विमानतळावर पोचता आले पाहिजे, असा नियम आहे. १९८५ साली ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत वाढवण्यात आली आणि त्यामुळे दोन इंजिनांची विमाने अटलांटिक सर्रास ओलांडू लागली. आज एअरबस ए३५० विमानाला ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता आहे. दक्षिण पॅसिफिकसारख्या विमानतळ विरळ असलेल्या भागात विमान बृहद्वृत्तापासून किती दूर राहील, हे काही अंशी या मर्यादेवर ठरते.

अंतरावरून वेळ

येथे किलोमीटरचा हिशेब संपतो आणि तासांचा सुरू होतो. लांब पल्ल्याची जेट विमाने १० ते १२ किलोमीटर उंचीवरून, ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८५ पट वेगाने जातात. त्या उंचीवर हवा अतिशय थंड, उणे ५६ अंश सेल्सिअसच्या आसपास असल्यामुळे ध्वनीचा वेगही कमी, म्हणजे ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. त्यावरून विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर निघतो. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ यांसारखी लहान विमाने थोडी हळू, ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातात.

अंतराला या वेगाने भागल्यावर मिळणारा वेळ हा अजून वेळापत्रकातला वेळ नसतो. वेळापत्रक विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा काळ सांगते. त्यात धावपट्टीपर्यंतचे रांगणे, चढताना व उतरताना कमी असलेला वेग, आणि उतरल्यानंतर टर्मिनलपर्यंतची वाट हे सारे येते. त्यासाठी ४० ते ५० मिनिटे मिळवावीत. शिवाय विमान कंपन्या नेहमीच्या विलंबाची थोडी तजवीज वेळापत्रकातच करून ठेवतात, त्यामुळे उशिरा निघालेले विमान वेळेवर पोचण्याचे प्रसंग पुष्कळदा येतात.

हीथ्रो–केनेडी मार्गासाठी हे करून पाहू. ५,५५५ किलोमीटरमध्ये पाच टक्के मिळवून अंतर सुमारे ५,८०० किलोमीटर धरले. ताशी ९०० किलोमीटरने ते कापायला सुमारे ६ तास २७ मिनिटे लागतात. त्यात ४५ मिनिटे मिळवली की ७ तास १२ मिनिटे होतात. वेळापत्रक उघडले तर मात्र लंडनहून न्यूयॉर्कला जाताना सुमारे ८ तास आणि परतीला सुमारे ७ तास दिसतात. आपला आकडा या दोन्हींच्या मध्ये पडतो, आणि हा उरलेला फरक वाऱ्यामुळे आहे.

वारा

दोन शहरांमधल्या वेळेविषयी फक्त एकच गोष्ट नीट शिकायची असेल, तर ती वाऱ्याची शिकावी. विमानाचा वेग सभोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. ती हवाच जर ताशी १०० किलोमीटरने पूर्वेकडे वाहत असेल, तर पूर्वेकडे जाणारे विमान जमिनीच्या तुलनेत ताशी १,००० किलोमीटरने पुढे सरकते आणि पश्चिमेकडे जाणारे ताशी ८०० किलोमीटरने. वरच्याच ५,८०० किलोमीटरना हे लावले, तर पूर्वेकडे ५ तास ४८ मिनिटे आणि पश्चिमेकडे ७ तास १५ मिनिटे होतात. त्यात ४५-४५ मिनिटे मिळवली की साडेसहा आणि आठ तास हे आकडे मिळतात आणि वेळापत्रकाशी हिशेब जुळू लागतो.

विमाने ज्या उंचीवरून जातात तेथेच, मध्य अक्षांशांच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान वारे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. उष्ण कटिबंध आणि ध्रुवीय प्रदेश यांच्या तापमानातील फरकामुळे ते निर्माण होतात. हा फरक हिवाळ्यात सर्वाधिक असल्यामुळे जेट प्रवाहही हिवाळ्यात सर्वांत जोरदार असतात. त्यांचा कमाल वेग कधी कधी ताशी ४०० किलोमीटरपर्यंत जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये, कियारा नावाचे वादळ अटलांटिकवर असताना, न्यूयॉर्कहून निघालेले एक बोइंग ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचले. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरहून अधिक होता. ते ध्वनीपेक्षा वेगवान उडाले असा याचा अर्थ नव्हे. सभोवतालच्या हवेत ते नेहमीच्याच वेगाने जात होते, आणि ती हवा त्याला पुढे नेत होती.

पूर्व आणि पश्चिम दिशांच्या वेळेतला फरक पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडतो, असे स्पष्टीकरण फार प्रचलित आहे. पृथ्वी विमानाखालून फिरत राहते, म्हणून एका दिशेला कमी वेळ लागतो, असे सांगितले जाते. ते खरे नाही. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या वातावरणात उडते. शिवाय पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे या स्पष्टीकरणाप्रमाणे पश्चिमेकडचा प्रवास लवकर व्हायला हवा होता, आणि अनुभव नेमका उलट आहे. पृथ्वीच्या भ्रमणाचा संबंध इतकाच, की वाऱ्यांना पश्चिम-पूर्व दिशा मिळण्यात त्याचा मोठा वाटा असतो.

जाताना वाया गेलेला वेळ येताना भरून निघतो, असेही मानले जाते. तेही पूर्णपणे खरे नाही. ९,००० किलोमीटरच्या मार्गावर वारा नसेल तर जाऊन-येऊन २० तास लागतात. ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल, तर एका दिशेला ९ तास आणि दुसऱ्या दिशेला ११ तास १५ मिनिटे, म्हणजे एकूण २० तास १५ मिनिटे लागतात. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, त्यामुळे नुकसान नेहमी लाभापेक्षा किंचित अधिक असते.

वाऱ्याचा हा लाभ इतका मोठा असतो, की कंपन्या त्यासाठी जाणूनबुजून लांबचा मार्ग घेतात. उत्तर अटलांटिकवरील मार्गच मुळी दिवसातून दोनदा, त्या वेळचे वारे पाहून नव्याने आखले जातात. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे अंतर बृहद्वृत्तावरून सुमारे १५,३०० किलोमीटर असून तो मार्ग उत्तर ध्रुवाजवळून जातो. तरीही न्यूयॉर्ककडे जाणारे विमान अनेकदा पॅसिफिक महासागरावरून, हजार किलोमीटरहून अधिक लांबच्या मार्गाने जाते, कारण तेथे पाठीवर वारा मिळतो. एवढे करूनही हा प्रवास १८ तासांच्या पुढेच असतो.

यातून नवशिक्याने दोन गोष्टी उचलाव्यात. जाण्याचा आणि येण्याचा वेळ नेहमी वेगवेगळा लिहावा, आणि तो एका आकड्यात न लिहिता ‘पावणेआठ ते सव्वाआठ तास’ अशा पट्ट्यात लिहावा. मार्ग उत्तर-दक्षिण असेल किंवा विषुववृत्ताजवळून जात असेल, तर दोन्ही दिशांमधला फरक बराच कमी होतो. दक्षिण गोलार्धाच्या मध्य अक्षांशांतही वारे पश्चिमेकडूनच वाहतात, म्हणून सिडनीहून सँटियागोला साडेबारा तासांच्या आसपास लागतात आणि परतताना त्याहून तासाभरापेक्षा अधिक वेळ जातो.

पोचल्यावर घड्याळात किती वाजलेले असतील

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या शहराची. त्या एकमेकींतून वजा केल्याने प्रवासाचा वेळ मिळत नाही. बोटांवर तास मोजत बसण्याऐवजी दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे समन्वित जागतिक वेळेत, बदलून घ्याव्यात. प्रमाणवेळ यूटीसीच्या पुढे असेल तर तेवढे तास वजा करावेत, मागे असेल तर मिळवावेत.

समजा जानेवारीत टोकियोहून विमान संध्याकाळी ५ वाजता निघाले. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणून यूटीसीत सकाळचे ८ वाजलेले आहेत. १० तासांच्या प्रवासानंतर यूटीसीत संध्याकाळचे ६ होतात. लॉस एंजेलिस हिवाळ्यात यूटीसीच्या ८ तास मागे असते, म्हणून तेथे त्याच तारखेच्या सकाळचे १० वाजलेले असतील. निघण्याच्या वेळेपेक्षा आधीची वेळ पाहून तिकीट चुकले असे वाटू नये. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली गेली आहे. परतीला उलटे होते. सकाळी ११ वाजता लॉस एंजेलिसहून निघालेले विमान १२ तासांनी टोकियोत उतरते, तेव्हा तेथे दुसऱ्या दिवशीचे दुपारचे ४ वाजलेले असतात. तिकिटावर वेळेशेजारी छापलेले ‘+१’ किंवा ‘+२’ हे चिन्ह हेच सांगते, आणि हॉटेलची चुकीच्या रात्रीची नोंदणी बहुधा ते न पाहिल्यामुळे होते.

सर्व प्रमाणवेळा पूर्ण तासांच्या नसतात. नेपाळची वेळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटे पुढे आहे आणि न्यूझीलंडच्या चॅटम बेटांची १२ तास ४५ मिनिटे. त्याहून फसवी असते ती उन्हाळी वेळ. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातील नेहमीचा ५ तासांचा फरक त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत आठवडाभर ४ तासांचा होतो. लंडन आणि सिडनी यांच्यात तर वर्षभरात ९, १० आणि ११ असे तिन्ही फरक येऊन जातात, कारण एकीकडे उन्हाळा असतो तेव्हा दुसरीकडे हिवाळा असतो. म्हणून वेळेतील फरक पाहताना प्रवासाची तारीख सोबत घेऊनच पाहावा.

वाटेतला थांबा

थांब्याने अंतर फार वाढते ही समजूत नेहमी खरी नसते. लंडन ते सिडनी थेट अंतर सुमारे १७,००० किलोमीटर आहे. वाटेत सिंगापूरला उतरल्यास एकूण अंतर जेमतेम एक टक्क्याने वाढते, कारण सिंगापूर बृहद्वृत्ताच्या जवळच आहे. दुबईमार्गे वाढ सुमारे तीन टक्के होते. थांब्याचे शहर बृहद्वृत्तापासून जितके दूर, तितका वळसा मोठा. तेव्हा पर्यायांची तुलना करताना दोन्ही टप्प्यांची अंतरे काढून त्यांची बेरीज थेट अंतराशी ताडून पाहावी. वेळ मात्र प्रत्येक थांब्याने नक्की वाढतो. विमानतळावर थांबण्याचा काळ तर मिळतोच, शिवाय एक जादा उतरणे, एक जादा चढणे आणि धावपट्टीवरची एक जादा ये-जा यांची ४० ते ५० मिनिटे पुन्हा मोजावी लागतात.

‘नॉनस्टॉप’ आणि ‘डायरेक्ट’ हे शब्द एकाच अर्थाचे समजू नयेत. नॉनस्टॉप विमान वाटेत कोठेही उतरत नाही. डायरेक्ट उड्डाणाचा क्रमांक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच असतो, पण ते मध्ये एखाद्या विमानतळावर उतरू शकते.

आपला आकडा ताडून पाहणे

शेवटी हिशेबाची प्रत्यक्षाशी गाठ घालावी. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर यांसारख्या संकेतस्थळांवर उड्डाणाचा क्रमांक टाकला, की मागील काही दिवसांत ते विमान कधी निघाले, कोणत्या मार्गाने गेले आणि कधी पोचले, हे दिसते. सलग पाच-सहा दिवसांच्या नोंदी पाहाव्यात. एकाच दिवसाच्या नोंदीवर विसंबू नये, कारण त्या दिवशी वारा नेहमीपेक्षा वेगळा असू शकतो. तेथे दिसणारा वेळ कधी कधी केवळ हवेतला असतो, गेट ते गेट नसतो. वेळापत्रकाशी तुलना करण्यापूर्वी हे पाहून घ्यावे. आपला आकडा आणि प्रत्यक्ष नोंदी यांच्यात अर्ध्या तासापर्यंतचा फरक असेल तर हिशेब चांगला जमला आहे. फरक दोन तासांचा असेल, तर नोंदीतला मार्ग नकाशावर उघडावा; बंद हवाई हद्दीचा वळसा, वाऱ्यासाठी घेतलेला लांबचा मार्ग किंवा मधला थांबा तेथे स्पष्ट दिसतो.

विमान कंपन्यांचे उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते. कित्येक महिने आधी काढलेल्या तिकिटाची तारीख या दोहोंपैकी एखाद्या रविवारच्या पलीकडे असेल, तर निघण्याच्या आठवडाभर आधी दोन्ही वेळा नव्याने तपासाव्यात, आणि वाटेत विमान बदलायचे असल्यास दोन उड्डाणांमधला वेळ अजूनही पुरेसा आहे की नाही, हे त्याच बैठकीत पाहून घ्यावे.